खपली मळणीतून तुसासकटच का येते? आणि हा खरंच 'जीन न बदललेला' गहू आहे का?

कृष्णाकाठ_२०गुंठे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच पोस्ट टाकतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं गाव शिरोळ भागात, सगळा ऊसच. यंदा एक तुकडा मोकळा होता म्हणून २० गुंठे खपली केली, म्हटलं घरी खीर-पुरणपोळीला होईल आणि उरलेली विकू, दर चांगला मिळतो म्हणतात. पीक झकास आलं, थोडं लोळलं पण चालायचंच. घोटाळा झाला मळणीत. मशीनमधून दाणा बाहेरच येईना, सगळा माल तुसासकट, एकेका तुकड्यात दोन-दोन दाणे गच्च बसलेले. मशीनवाल्यानं जाळी बदलली, फॅन कमी केला, शेवटी ड्रमचा स्पीड वाढवला तर दाणे फुटायला लागले पण तूस काही निघालं नाही. त्याच मशीननं आदल्या दिवशी शेजाऱ्याचा लोकवन लोण्यासारखा काढलेला. माझं डोकं फिरलं, पैशावरून आमची बाचाबाची झाली आणि मी त्याचे ३०० रुपये कापून घेतले. मग ४ क्विंटल गिरणीला नेली, सडून हातात आली २ क्विंटल ८० किलो.

आता दोन प्रश्न. एक, ही मशीनची चूक का गव्हाची? दुसरा, व्हॉट्सॲपवर फिरतंय की खपली हा १०,००० वर्षांपूर्वीचा मूळ गहू आहे, ह्यात एकही जीन बदललेला नाही. पोरगा बारावीला आहे, तो म्हणतो पप्पा मूळ म्हणजे जंगली असेल तर दाणे रानातच झडून जायला पाहिजेत, तुमचे तर मशीनमध्ये पण सुटेनात. मला काय उत्तर देता येईना.

बांधावरून

पाटील, मशीनवाल्याचं काही चुकलेलं नाही. खपली अशीच असते, नावातच आलं की सगळं. आमची आजी उखळात घालून सडायची, आधी पाण्याचा हात लावून थोडं दमट करायचं, मग मुसळ, मग सुपानं पाखडायचं, परत मुसळ. दोन पायल्या सडायला दोघी बायकांचा अर्धा दिवस जायचा. म्हणूनच रोजच्या चपातीला कोणी वापरायचं नाही, सणाला नाहीतर जत्रेच्या खिरीला. आता गिरण्या झाल्यात म्हणून बरं.

एक सांगतो, सगळी सडून टाकली नसेल तर बियाणं तुसासकटच ठेवा, पेरायची पण तशीच. तुसातल्या दाण्याला सोंडे लवकर लागत नाहीत, आमच्या कणगीत दुसऱ्या वर्षापर्यंत चांगली राहायची.

जीनचं मला काय कळत नाही, ते शिकलेले सांगतील.

ओंबी_आणि_भिंग

दादा, मी गव्हाच्या ब्रीडिंगमध्येच पीएचडी केलीय, सध्या देशाबाहेर असते, तुमची पोस्ट वाचून घरची खीर आठवली ते वेगळंच. तुमच्या पोरानं जो प्रश्न विचारलाय ना तोच ह्या विषयाचा गाभा आहे, त्याला शाबासकी द्या.

जंगली गहू माणसाळला तेव्हा दोन वेगवेगळी कुलपं उघडावी लागली, एक नाही. पहिलं कुलूप ओंबीच्या दांड्याचं. जंगली गव्हात ओंबी पिकली की दांडा आपोआप पेऱ्यापेऱ्यावर सुटतो आणि दोन दाण्यांची एकेक कुपी कुसळासकट खाली पडते. त्या झाडाच्या दृष्टीनं हे उत्तमच, बी पेरायला दुसरं कोण येणारे. त्या कुपीची दोन कुसळं तर इतकी हुशार की दिवसा कोरड्या हवेत बाहेर वाकतात, रात्री दमट हवेत सरळ होतात, आणि असं पाय मारत मारत दाणा जमिनीत घुसतो. शिवाय दोन दाण्यातला एक पुढच्या पावसाला उगवतो आणि दुसरा बहुतेक वेळा एक वर्ष झोपून राहतो, म्हणजे दुष्काळ पडला तरी वंश बुडत नाही. पण कापणी करणाऱ्या माणसाला हे सगळं नडतं, विळा लावायच्या आत अर्धं पीक मातीत.

हा जंगली गहू आजही आहे बरं का, जॉर्डन खोऱ्यापासून सीरिया आणि आग्नेय तुर्कस्तानपर्यंत डोंगरउतारांवर. १९०६ साली गॅलिलीत रोश पिनाजवळ आरोनसन नावाच्या शेतीतज्ज्ञाला तो सापडला आणि खपलीचा मूळ पुरुष कोण हे कळलं. त्याचा सगळा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, २०१७ मध्ये वाचून झाला. त्यात दिसलं की दांडा सुटायला बीटीआर१ नावाचं जनुक लागतं आणि ह्या गव्हात त्याच्या दोन प्रती असतात, कारण हा गहूच मुळात दोन गवतांच्या संकरातून झालेला, १४ अधिक १४ अशी २८ गुणसूत्रं. पेरायच्या गव्हात दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. एकीत डीएनएची २ अक्षरं गळालीत, दुसरीत जवळजवळ ४,००० अक्षरांचा तुकडा मध्येच घुसलाय. एकच प्रत बिघडली तर अर्धवट काम होतं, ओंबी थोडी तरी सुटतेच. दोन्ही बिघडल्यावरच ती रानात टिकते. तुमच्या २० गुंठ्यातल्या प्रत्येक खपलीच्या रोपात हे दोन्ही बिघाड आहेत, नाहीतर मशीन बोलवायची वेळच आली नसती.

म्हणजे 'एकही जीन बदललेला नाही' हे साफ खोटं. खपली जंगली नाही, पक्की माणसाळलेली आहे.

पण दुसरं कुलूप खपलीत बंदच राहिलं. ते दाण्याभोवतीच्या तुसाचं. लोकवन किंवा बन्सी मळला की तूस मऊ पडून उघडतं आणि दाणा नागडा बाहेर. त्याला कारणीभूत क्यू नावाचं जनुक, ५ए ह्या गुणसूत्रावर. गंमत बघा, क्यू मोडलेलं नाहीये, उलट जास्त जोरात चालतं. पेशीत एक छोटी आरएनए असते जी ह्या जनुकाचा निरोप मधेच कापून त्याला आवरते, एका अक्षराच्या बदलामुळे तिची पकड ढिली झाली आणि क्यूचा निरोप जास्त प्रमाणात पोचायला लागला. त्यानं तूस मऊ झालं, ओंबीचा आकार गच्च झाला, रोपाच्या उंचीवर पण परिणाम झाला. खपलीत मात्र जुनं, आवरलेलं क्यूच आहे.

आणि क्यू एकटं पुरत नाही. टीजी नावाचं दुसरं जनुक आहे जे तूस टणक ठेवतं, ते पण बदलावं लागतं. ह्याचा पुरावा मी हातानं मळलाय. ब्रीडर लोक बन्सीच्या जातीतला गहू आणि एक जंगली गवत ह्यांचा संकर करून नवीन ४२ गुणसूत्रांचा गहू बनवतात, रोगप्रतिकारासाठी. बन्सीकडून क्यू आलेलं असतं, तरी ह्या नव्या गव्हाचं तूस निघत नाही कारण त्या गवतानं आपलं टीजी सोबत आणलेलं असतं. पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नव्हतं, दोन दिवस अंगठ्यानं ओंब्या चोळत बसले, नख निळं पडलं.

तर तुमच्या मशीननं काय केलं, दांडा मोडला. खपलीचा दांडा स्वतःहून सुटत नाही पण मार बसला की तुसाच्या आधी तोच तुटतो. लोकवनमध्ये उलटं, दांडा शाबूत राहतो आणि तूस उघडतं. ड्रमचा स्पीड कितीही वाढवा, खपलीत कमकुवत जागा दांडाच आहे.

शंकेखोर

हे सगळं ठीक आहे पण दोन-चार अक्षरांच्या बदलाचाच खेळ होता तर माणसाला हजारो वर्षं कशाला लागली? एखाद्या हुशार म्हातारीनं न झडणारी ओंबी बघितली, वेगळी ठेवली, पुढच्या वर्षी पेरली, संपला विषय. गहू तर स्वतःच्याच परागानं फळतो, म्हणजे जात लगेच स्थिर होणार.

ओंबी_आणि_भिंग

तुमच्यासारखंच बऱ्याच लोकांना वाटत होतं. हिलमन आणि डेव्हिस ह्या दोघांनी १९९० मध्ये हिशोब मांडला होता की विळ्यानं कापून त्यातलंच बी परत पेरत गेलं तर २० ते २०० वर्षांत काम व्हायला पाहिजे. उत्खननातून मात्र वेगळंच निघालं. जळून कोळसा झालेल्या कुपीच्या बुडाशी भिंगाखाली बघितलं की कळतं, आपोआप सुटलेली असेल तर वण गुळगुळीत, मारून तोडलेली असेल तर फाटका. उत्तर सीरिया आणि आग्नेय तुर्कस्तानातल्या चार ठिकाणचे असे वण मोजून तान्नो आणि विलकॉक्स ह्यांनी २००६ मध्ये दाखवलं की फाटक्या वणांचं प्रमाण अगदी हळूहळू वाढत गेलंय, हजार-दोन हजार वर्षं आणि त्याहूनही जास्त.

का, ह्यावर वाद आहेत. पीक थोडं हिरवं असतानाच कापलं तर झडणारी आणि न झडणारी दोन्ही सारखीच घरात येतात, मग निवड होणारच कशी. पीक बुडालं की लोक डोंगरावरून परत जंगली बी आणायचे. आणि तुमच्या त्या हुशार म्हातारीला दिसणार काय, तर दोन्ही प्रती बिघडलेलं एखादं रोप, आणि ते आपोआप घडणं फार दुर्मिळ. आधी एक प्रत बिघडलेली पसरायला हवी, मग दुसरी. घाईपण नव्हती फारशी. हार्लन नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात तुर्कस्तानात डोंगरावरचा जंगली गहू दगडी पात्याच्या विळ्यानं कापून बघितला, तासाला साधारण किलोभर निवडक दाणा मिळाला. चार माणसांच्या घराला तीन-चार आठवड्यात वर्षाची बेगमी झाली असती.

हो, आणि दादा, पोराला हे गणित घाला. जंगली गहू आणि खपलीचा संकर केला, दुसऱ्या पिढीत न झडणारी रोपं किती? दोन्ही बदल सुप्त आहेत, म्हणजे आई-बाप दोघांकडून आले तरच दिसतात, आणि दोन्ही लागतात.

कृष्णाकाठ_२०गुंठे

पोरगं म्हणतं १६ मध्ये १. मी विचारलं कसं तर म्हणाला चारातला एक गुणिले चारातला एक, आणि वर माझ्याकडेच असं बघितलं की मीच नापास.

ओंबी_आणि_भिंग

बरोब्बर. ह्याच हिशोबानं जॉर्ज बीडल ह्यांनी मक्याचा आजोबा शोधला होता. मका आणि टिओसिंटे नावाचं मेक्सिकोतलं गवत ह्यांचा संकर करून त्यांनी दुसऱ्या पिढीची ५०,००० रोपं लावली, ५०० मागे साधारण १ रोप चांगल्या मक्यासारखं आणि तेवढंच एखादं टिओसिंटेसारखं निघालं. चारचा चौथा घात २५६, पाचवा १,०२४, ५०० ह्यांच्या मधे, म्हणजे मोठा फरक पाडणारी जनुकं चार-पाचच असणार. ह्या माणसाला नोबेल आधीच मिळालेलं होतं, हे सगळं निवृत्तीनंतर हौसेनं केलं.

जवाची गोष्ट तर आणखी भारी. जवात ओंबी सुटायला शेजारी-शेजारीच बसलेली दोन जनुकं लागतात. एका ठिकाणच्या शेतकऱ्यांकडे पहिलं बिघडलं, १ अक्षर गळालं. दुसऱ्या ठिकाणी दुसरं बिघडलं, ११ अक्षरं गळाली. दोन्हीकडे ओंबी टिकायला लागली. आता ह्या दोन चांगल्या माणसाळलेल्या जवांचा संकर केला तर पहिल्या पिढीत काय होतं? ओंब्या परत रानटीसारख्या सुटायला लागतात! एकाकडे जे मोडलंय ते दुसऱ्याकडे चांगलं आहे ना. जव दोनदा माणसाळला ह्याचा ह्याहून चांगला पुरावा नाही.

उकडा_पेज

कोकणातून एक भर घालतो. आमच्याकडे रानभात हा डोक्याला ताप आहे, खाचरात भातासारखाच दिसतो, ओळखूच येत नाही, आणि आपलं भात कापायच्या आत ह्याचे दाणे चिखलात पडून मोकळे. पुढच्या वर्षी परत हजर. नीवार म्हणून जुन्या ग्रंथात ऋषीमुनींचं अन्न ते हेच, जंगली भाताच्या एका जातीचं शास्त्रीय नावच ओरायझा निवारा आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणतात तेव्हा न पेरता आलेल्या धान्याला मान मिळतो तो हाच. एक दिवस मान, बाकी ३६४ दिवस शिव्या.

ताई, भातात पण हेच जनुक आहे का?

ओंबी_आणि_भिंग

नाही, भातानं वेगळा रस्ता काढला. गव्हात ओंबीचा दांडा सुटतो, भातात दाण्याच्या देठाशी पेशींचा एक पातळ थर असतो तो विरतो. एसएच४ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला आणि तो थर नीट बनेनासा झाला, पण पूर्ण गेला नाही, म्हणून तर भात झोडपून काढता येतं. काही जपानी जातीच्या भातांत क्यूएसएच१ म्हणून आणखी एक बदल आहे, तो तर जनुकापासून १२,००० अक्षरं लांब, तिथलं एक अक्षर बदललं आणि देठाशी त्या जनुकाचा दिवा लागायचाच बंद झाला. दोन्ही शोध २००६ चे.

ज्वारीत पुन्हा निराळं. एसएच१ म्हणून एका जनुकात आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या ज्वाऱ्यांमध्ये तीन वेगळे बिघाड सापडले, तिन्हींचा परिणाम एकच, दाणा कणसावर टिकतो.

तुमचा लाल तांदूळ पण ह्याच गोष्टीत येतो. जंगली भात लालच असतो. आरसी नावाच्या जनुकातली १४ अक्षरं गळाली आणि तांदूळ पांढरा झाला, आज जगातला बहुतेक पांढरा तांदूळ ह्या एकाच गळतीचा. तेच जनुक दाण्याला झोपवून पण ठेवतं, म्हणून तुमच्या रानभाताचं बी चिखलात वर्ष-वर्ष पडून राहतं आणि मग उगवतं.

उकडा_पेज

तरीच! छत्तीसगडला आमचा एक मित्र आहे, तिकडे ह्याला करगा म्हणतात. त्यांच्याकडे श्यामला म्हणून जांभळ्या पानाची भाताची जात काढलीय, ती लावली की हिरवं दिसेल ते उपटायचं, डोळे मिटून. मला हा उपाय फार आवडला. जनुक वगैरे काही न कळणाऱ्या माणसाला पण जमेल.

शंकेखोर

बरं मग खपली पौष्टिक, डायबिटीसवाल्यांना चालते, ग्लुटेन नसतं, हे पण सगळं व्हॉट्सॲपच का?

ओंबी_आणि_भिंग

ग्लुटेन असतं. ज्यांना सीलिॲक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार आहे त्यांनी खपली अजिबात खायची नाही, ह्यात मधलं काही नाही. बाकी शुगरवाल्यांनी आपल्या डॉक्टरला विचारावं, मी गव्हाची डॉक्टर आहे.

पौष्टिकतेत मात्र एक खरी गोष्ट आहे. एनएएम-बी१ नावाचं जनुक पान लवकर पिवळं करतं आणि पानातलं प्रोटीन, लोह, जस्त दाण्यात ओढून आणतं. जंगली गव्हात ते चालू आहे, खपलीच्या कुळातल्या तपासलेल्या बहुतेक नमुन्यांतही चालू सापडलं, बन्सीच्या कुळात मात्र बंद पडलेलं. का बंद पडलं असेल? पान जास्त दिवस हिरवं राहिलं की दाणा भरायला जास्त दिवस मिळतात. आपण पोती मोजली, प्रोटीन कुठे मोजलं. पण म्हणून प्रत्येक पाकिटातली खपली चांगलीच असं नाही, जमीन आणि खत पण बोलतं.

'न बदललेली' म्हणणाऱ्यांना अजून एक सांगा. पुण्याच्या आगरकर संस्थेनं एमएसीएस २९७१ म्हणून बुटकी, न लोळणारी खपली काढलीय, धारवाडची डीडीके १०२९ आहे. म्हणजे तिच्यावर काम आजही चालूच आहे. तुमची लोळली म्हणालात, पुढच्या वेळी ह्यातली बघा.

आणि मला ज्याचा खरा अभिमान वाटतो ते राहिलंच. गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याच्या, म्हणजे एका बुरशीच्या रोगाच्या संशोधनात 'खपली' हा मराठी शब्द जगभर चालतो, भाषांतर न करता. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस ह्यांनी खपलीचा तिकडच्या गव्हाशी संकर करून खॅपस्टीन नावाचा गहू केला होता, त्यातून एसआर१३ हे तांबेऱ्याला अडवणारं जनुक आलं. १९९९ च्या सुमारास युगांडात युजी९९ हा भयानक तांबेरा निघाला आणि बरीच जुनी जनुकं त्याच्यापुढे पडली, त्यात हे टिकलेल्यांपैकी. मी परदेशातल्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा एका डबीवर खपली असं लिहिलेलं वाचलं, स्पेलिंग चुकलेलं होतं, तरी शेजारच्या कोरियन मुलीला धरून सांगितलं की हा आमच्या खिरीचा गहू.

कृष्णाकाठ_२०गुंठे

ताई, बांधावरून काका, सगळ्यांचे लय आभार. आज रात्री जेवणं झाल्यावर ताटात दोन ओंब्या घेऊन बसलो, एक आमची खपली आणि एक शेजाऱ्याकडनं आणलेला लोकवन. लोकवन तळव्यावर चोळला, चार वेळा फुंकर मारली, दाणे मोकळे आणि मधला दांडा अख्खा, वेणीसारखा. खपली चोळली तर दांड्याचे तुकडे-तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला बंद कुपी. नखानं उघडायला गेलो तर तूस टोचलं. पोरानं मोबाईलचा कॅमेरा झूम करून बुडाचा वण बघितला, फाटकाच आहे, गुळगुळीत नाही. म्हणाला पप्पा हे बघा, माणसाळलेला. आई बाजूला बसून बघत होती, ती म्हणाली हे सांगायला एवढं शिकावं लागतं होय रे.

बियाण्यासाठी ४० किलो तुसासकटच बाजूला ठेवलीय. आता मशीनवाल्याला फोन लावायचाय, त्याचे ३०० रुपये द्यायचेत. उचलेल की नाही माहीत नाही, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो होतो.

बांधावरून

फोन नको, घरी जा. जाताना डब्यात खीर घेऊन जा.